मी कुणालाच मारले नाही

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याशेजारी मला उभे केले तर माझी टोपी जेमतेम नखाच्या वर जाईल. अंग शिशाचे, झगा निळा, दाढी पांढरी, हातात टोकाला वाकलेली काठी. माझा उजवा डोळा डाव्यापेक्षा मोठा आहे, कारण तो रंगवताना रंगवणारीला शिंक आली. मी मांत्रिक आहे. खऱ्या रानातला नव्हे, टेबलावर हिरवे कापड अंथरून फाशांनी खेळतात त्या लढाईतला. त्या लढाईत धनुर्धारी होते, राक्षस होते, आग ओकणारे प्राणी होते. त्यांनी पुष्कळांना मारले, आणि पुढच्या रविवारी मेलेले सगळे पुन्हा उभे राहिले. मी कुणालाच मारले नाही. तरी जुन्या आठवणी निघाल्या की मान खाली घालावीशी वाटते ती मलाच. शिशाची मान खाली जात नाही, एवढेच.

माझा जन्म डेस्मंड ऑस्क्रॉफ्ट यांच्या स्वयंपाकघरात झाला. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला आमचे गाव. गावातली कोळशाची खाण नुकतीच बंद पडली होती, मोज्यांचा कारखाना अजून चालू होता, आणि डेस्मंड त्या कारखान्यात विणकामाची यंत्रे दुरुस्त करायचे. चर्चच्या छपरावरून उतरवलेले जुने शिसे त्यांनी एका पातेल्यात वितळवले आणि रबराच्या साच्यात ओतले.

"डेस, त्या पातेल्यात पुन्हा कधी सूप केलंस तर याद राख," त्यांची बायको ग्वेन दारातून म्हणाली.

"अगं, ते पातेलं आता सैन्यात भरती झालं," डेस्मंड म्हणाले.

साचा उघडला तेव्हा मी अजून कोमट होतो. त्यांची मुलगी ब्रायनी समोर खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. मला कोणता रंग द्यायचा हे तिने आधीच ठरवून ठेवले होते. झग्याचा निळा रंग थोडा दाढीवर ओघळला, मग ती शिंक आली, आणि मी जगाकडे पाहू लागलो. पहिला चेहरा दिसला तो तिचा. नाकावर निळा ठिपका होता.

रविवारी दुपारी डेस्मंड खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये जायचे. तिथे त्यांचा क्लब जमायचा. हा क्लब त्यांनी आणि क्लिफ शॅकलॉक यांनी मिळून काढला होता. दोघे शाळेपासूनचे मित्र. शाळा सुटल्यावर एक कारखान्यात गेला आणि एक खाणीत उतरला, पण रविवार दोघांनी कधी सोडला नाही. क्लिफ बुटक्या योद्ध्यांचे सैन्य खेळायचे. बुटके दणकट असतात; त्यांचे पाय मात्र आखूड, त्यामुळे टेबल ओलांडायलाच त्यांना अर्धी दुपार लागते. मॉरीन बेक्सन सांगाड्यांचे सैन्य आणायच्या आणि चहाचा बंबही त्याच सांभाळायच्या. आणखी चारसहा जण यायचे.

खेळाचे नियम क्लबाने स्वतः बनवले होते. दोन्ही सैन्ये सारख्या गुणांची असली पाहिजेत, म्हणजे डाव तोलात राहतो. दणकट योद्ध्याला जास्त गुण, दुबळ्याला कमी. तलवारीचे गुण ठरवणे सोपे असते. जादूचे अवघड. मंत्र जरासा जड झाला की सैन्य आणण्यात अर्थ उरत नाही, एकटा मांत्रिकच डाव मारून नेतो. आणि हलका झाला की मांत्रिक नुसता शोभेचा. म्हणून मंत्रांचे नियम सतत बदलावे लागायचे. पूर्वी त्यावरून भांडणे व्हायची. हरलेला माणूस म्हणायचा, नियम चुकीचा आहे. जिंकलेला म्हणायचा, हा रडतोय. एकदा तर कुणीतरी लोणी लावलेला पाव फेकून मारला. त्यानंतर डेस्मंड आणि क्लिफ यांनी एक रीत घालून दिली. डाव संपला की चहा घ्यायचा. हरलेल्याने नियमांबद्दल एक शब्द बोलायचा नाही. जिंकलेल्याने कप हातात घेऊन उभे राहायचे, आपल्याकडचे काय फार जड होते ते स्वतः सांगायचे आणि स्वतःच ते कापायचे. या रीतीला ते छाटणी म्हणत.

मॉरीनबाईंची छाटणी मला आठवते. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "माझे सांगाडे मेले की परत उठतात, ते ठीक आहे. पण आज ते आमच्या ह्यांच्यापेक्षा जास्त वेळा उठले. यापुढे एकदाच उठतील."

सगळे हसले, डेस्मंडनी भिंतीवरच्या नियमांत तेवढी दुरुस्ती केली, आणि पुढच्या आठवड्यात सांगाडे एकदाच उठले. मला ही रीत फार आवडायची. जिंकलेला माणूस उभा राहून स्वतःचे पंख कापतो, हे दुसरीकडे कुठे पाहायला मिळणार? पण त्या रीतीत एक भोक होते, आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. जिंकलेला बोललाच नाही, तर हरलेल्याला तोंड नव्हते.

ब्रायनी नव्या, मोठ्या शाळेत जाऊ लागली तेव्हाची गोष्ट. ग्वेनना रविवारी हॉस्पिटलात ड्यूटी असायची, म्हणून डेस्मंड लेकीला क्लबात घेऊन येऊ लागले. नव्या शाळेत तिच्याशी कुणी बोलत नव्हते. डबा तसाच परत यायचा. क्लबात तिला धनुर्धाऱ्यांचे छोटे सैन्य मिळाले, आणि ती दर रविवारी हरू लागली. कुणी मुद्दाम हरवत नव्हते. तिला पुढचे दिसत नव्हते, एवढेच. परतताना ती गाडीच्या काचेला कपाळ टेकून बसायची. मी तिच्या खिशात असायचो. तिची मूठ माझ्याभोवती आवळलेली असायची आणि तिचा श्वास मला ऐकू यायचा.

"बदकुल्या, पुढच्या वेळी जमेल," डेस्मंड म्हणायचे.

तिची मूठ आणखी आवळायची.

मग डेस्मंडनी माझ्यासाठी एक नवा मंत्र लिहिला आणि क्लबापुढे ठेवला. त्याचे नाव गोठणधुके. माझ्या पाळीला मी जादूचे फासे टाकायचे. पुरेसा आकडा पडला, की समोरच्या सैन्यातली मी निवडलेली तुकडी माझ्या पुढच्या पाळीपर्यंत जागची हलणार नाही. चालणार नाही, बाण सोडणार नाही, काही नाही. बस्स.

"कुणी मरतं का त्यात?" क्लिफनी विचारले.

"नाही. कुणीच नाही."

"मग असू दे की. थंडीने माझ्या बुटक्यांचं काय वाकडं होणार? खाणीत वाढलेत ते."

मंत्र एकमताने मंजूर झाला. गुण अगदी कमी लावले, कारण मरणारे कुणी नव्हतेच. मित्रांनो, गुण मोजताना सगळ्यांनी मेलेले मोजले. बसून राहिलेले कुणी मोजले नाहीत.

त्या रविवारी ब्रायनीने मला क्लिफच्या बुटक्यांसमोर उभे केले. मी फासे टाकले, म्हणजे तिने टाकले, पण मंत्र माझा होता. धुके उतरले. बुटक्यांची मुख्य तुकडी थांबली. पुढच्या पाळीला पुन्हा धुके, पुन्हा तीच तुकडी. आधीच आखूड पायांचे सैन्य, त्यात ते जागेवरच रुजले. मग तिचे धनुर्धारी निवांतपणे एकेकाला टिपू लागले. क्लिफची पाळी यायची, ते टेबलाकडे बघायचे, हलवण्यासारखे काही नसायचे, आणि ते म्हणायचे, "झाली माझी पाळी." थोड्या वेळाने त्यांनी फासे खाली ठेवले. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले. एखाद्याला दवाखान्याबाहेर थांबायला सांगावे तसे.

ब्रायनी जिंकली. पहिल्यांदाच. आनंदाने तिचे कान लाल झाले.

"माझे बुटके आज झाडासारखे उगवले होते," क्लिफ म्हणाले. "मॉरीन, चहा उरला असेल तर त्यांच्या बुंध्याशी घाल."

सगळे हसले. मग चहा झाला आणि सगळ्यांनी ब्रायनीकडे पाहिले, कारण आता तिने उभे राहायचे होते. ती अर्धवट उठली. तेवढ्यात डेस्मंडनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आज नको. पोर पहिल्यांदा जिंकलीय. आज काही छाटायचं नाही."

कुणीच हरकत घेतली नाही. हरकत घ्यावी असे ते काही मोठे नव्हतेच. पण तो हात पुढच्या रविवारीही तिच्या खांद्यावर होता, आणि त्याच्या पुढच्याही.

एका शनिवारी सकाळी डेस्मंडनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. समोर शर्टाची बटणे ओळीने लावली. ती क्लिफच्या सैन्याच्या जागी. दोन्ही बाजूंनी ते एकटेच खेळू लागले. माझ्या बाजूने मंत्र टाकला की टेबलाला वळसा घालून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसायचे. तिथे बसल्यावर करायला काही नसायचे. तिसऱ्याचौथ्या खेपेला मला त्यांचे हात दिसले. मांडीवर होते.

मग त्यांनी एक नवी गोष्ट करून पाहिली. गोठलेल्या बटणांसाठी एक फासा घेतला आणि स्वतःशीच म्हणाले, "ज्याची तुकडी गोठली त्याने दर पाळीला हा टाकायचा. पाच किंवा सहा पडला, तर धुकं फुटलं." त्यांनी तसे खेळून पाहिले. कधी धुके टिकले, कधी फुटले. दोन्ही खुर्च्यांत बसायला मजा येऊ लागली. "हां," ते म्हणाले. "असं."

एवढ्यात ब्रायनी गुणगुणत आत आली. टोस्टवर भरपूर मुरंबा घालून तिने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा मागितला.

"बाबा, काल मी वर्गातल्या दोघींना धुक्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला पण दाखव. उद्या मी क्लिफकाकांना परत हरवणार!"

डेस्मंड तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळी बटणे हाताने गोळा करून डब्यात टाकली, आणि त्यांवर झाकण लावले.

नाताळाच्या आधी क्लबाची मोठी लढाई असायची. त्या वर्षी क्लिफनी एक नवीन तुकडी आणली. खाण बंद झाल्यापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता, आणि सगळा शरद ऋतू त्यांनी हे बुटके रंगवण्यात घालवला होता. प्रत्येकाच्या खांद्यावर हातोडा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा आणि प्रत्येकाच्या टोपीवर एक पिवळा ठिपका, म्हणजे खाणीतला दिवा.

"ही माझी खाणीतली पाळी. पहाटेची," ते सगळ्यांना दाखवत म्हणाले. "हा बघ, हा दुसऱ्याच्या डब्यातला केक खायचा. हा लिफ्टमध्ये गाणी म्हणायचा, आणि बेसूर म्हणायचा. आणि हा नाकाड्या मी."

"तुझं नाक लहान काढलंयस," मॉरीनबाई म्हणाल्या.

"शिसं कमी पडलं."

लढाई सुरू झाली. ब्रायनीच्या बोटांत मी होतो. ती बोटे त्या तुकडीवरून सरकली, दुसऱ्या तुकडीवर गेली, आणि परत आली. तिला ठाऊक होते, मित्रांनो. एव्हाना तिला पुढचे दिसू लागले होते. त्या तुकडीला सोडले तर ती हरेल, हे तिला दिसत होते. तिने फासे टाकले. पहिल्या पाळीला धुके पडले. दुसऱ्या पाळीला पडले. शेवटच्या पाळीपर्यंत पडत राहिले. फासे त्या दिवशी कधी नव्हे इतके आमच्या बाजूने होते. पिवळ्या दिव्यांची ती रांग जिथे मांडली तिथेच उभी राहिली. एक इंचसुद्धा पुढे सरकली नाही. क्लिफनी विनोद केला नाही. त्यांचा चहा निवला, आणि हात मांडीवर.

डाव संपला. बंबातून पुन्हा चहा आला. सगळे थांबले. डेस्मंडनी हात उचलला, पण या वेळी तो तिच्या खांद्यापर्यंत पोहोचला नाही. मध्येच खुर्चीच्या पाठीवर थांबला. म्हणजे ती उठू शकली असती. ती आपल्या बुटांकडे बघत बसली. क्लिफ आधी तिच्याकडे, मग आपल्या मित्राकडे बराच वेळ बघत राहिले. ते काही बोलू शकत नव्हते. ती रीत त्यांनीच घातली होती.

शेवटी त्यांनी अंड्यांची पुठ्ठ्याची खोकी काढली आणि एकेका खळग्यात एकेक बुटका ठेवू लागले.

"चला, बरं झालं," ते म्हणाले. "एकालाही ओरखडा नाही."

त्यानंतर ते क्लबात आले नाहीत.

दोघांची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर. वाण्याच्या दुकानात क्लिफ दिसले की डेस्मंड हात हलवायचे, तेही हलवायचे. कोट घालून डेस्मंड अनेकदा दारापर्यंत जायचे आणि परत येऊन कोट काढायचे. क्लिफसमोर जाऊन काय सांगणार? "नियम चुकला होता हे मला कळलं होतं, दुरुस्तीही सापडली होती, पण माझी पोर तिसरा टोस्ट मागत होती." असे कुणी कुणाला सांगू शकते का? मला वाटते, सांगता आले असते. पण मी शिशाचा आहे, मला सगळे सोपे वाटते.

क्लबात छाटणी बंद पडली. एकीला सोडले, मग दुसऱ्याने का कापावे? जो तो आपला मांत्रिक अधिक जड करू लागला. कुणाचा मांत्रिक वादळ आणी, कुणाचा टेबलाची अर्धी बाजू पेटवून देई. पहिल्या पाळीतच डाव संपू लागले, आणि मग माणसे येईनाशी झाली. काही वर्षांनी हॉललाही कुलूप लागले. ब्रायनीला मैत्रिणी मिळाल्या, पुढे ती शिकायला लीड्सला गेली आणि तिथेच ग्रंथालयात कामाला लागली. मी टॉफीच्या डब्यात गेलो. सोबत ती बटणे होती. अंधारात आम्ही एकमेकांना टेकून पडून असायचो, आणि मी मनातल्या मनात तो एक फासा टाकत राहायचो.

डब्याचे झाकण पुन्हा उघडले ते डेस्मंडनीच. एका हाताने, कारण दुसरा हात लुळा पडला होता. ग्वेन जाऊन बरीच वर्षे झाली होती. पक्षाघाताने डेस्मंडना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले होते. त्यांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर उभे केले, आणि आम्ही दोघे रस्त्याकडे बघत राहिलो. त्यांचे हात मांडीवर असायचे. असा बसलेला माणूस मी आधी पाहिला होता. या वेळी धुके माझे नव्हते, पण ते बघताना मला तसे म्हणता येईना.

ब्रायनी रविवारी यायची. जमेल त्या रविवारी. एकदा डेस्मंड जड जिभेने म्हणाले, "क्लिफ... कसा आहे गं?"

ती त्यांच्या गुडघ्यावरची चादर नीट करत होती. तिचे हात थांबले.

"पुढच्या रविवारी घेऊन येते त्यांना, बाबा. नक्की."

पुढच्या रविवारी रेल्वेगाड्या बंद होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी ती आली, पण एकटीच. ती त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. बुटांवरचा ओला पाला तिथल्या झाडांचा होता. क्लिफच्या दारात उभे राहून पहिले वाक्य काय म्हणायचे, हे तिचे ठरत नव्हते.  दाराची घंटा वाजली की डेस्मंड मान वळवायचे. पोस्टमन असायचा, नाहीतर नर्स. मार्चमध्ये घंटा वाजली आणि त्यांनी मान वळवली नाही.

अंत्यविधीला क्लिफ आले होते, असे मॉरीनबाई सांगत होत्या. शेवटच्या बाकावर बसले आणि सँडविच यायच्या आधी निघून गेले.

घर आवरायला ब्रायनी आली तेव्हा तिने सगळे खोक्यांत भरले. मला मात्र भरले नाही. मला खिशात टाकले, टॉफीचा डबा काखेत घेतला आणि ती बाहेर पडली. दोन गल्ल्या. इतक्या वर्षांनी तिची मूठ माझ्याभोवती पुन्हा तशीच आवळलेली होती.

क्लिफनी दार उघडले. खूप म्हातारे झाले होते. नाक तेवढेच होते.

"डेसची पोर," ते म्हणाले. "आत ये. दारात उभी राहून सगळी ऊब बाहेर सोडतेयस."

ती आत गेली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"काका, एक डाव खेळाल?"

"तो निळा आणलायस?"

"आणलाय."

"मग माझं काय काम? मी आपला बसतो, तू खेळ."

पण ते उठले आणि कपाटावरून अंड्यांची खोकी काढून आणली. टेबल लहान पडले म्हणून इस्त्रीचा पाट जोडला. हिरव्या चादरीखाली वाडगे पालथे घालून टेकड्या केल्या. तिच्याकडे सैन्य नव्हते, म्हणून धनुर्धाऱ्यांच्या जागी तिने टॉफीच्या डब्यातली बटणे मांडली. क्लिफनी पिवळ्या दिव्यांची तुकडी मध्यभागी ठेवली. आणि ब्रायनीने फासे उचलून त्याच तुकडीवर धुके टाकले.

मला वाटले, हिला झाले तरी काय? पुढच्या पाळीला पुन्हा. तिच्या बोटांना घाम आला होता, पण ती थांबत नव्हती. क्लिफचे हात मांडीवर गेले. काठीसकट वितळून जावे असे मला वाटत होते. बटणांनी बाकीचे बुटके एकेक करून पाडले आणि डाव संपला.

"तू काही बदलली नाहीस, पोरी," क्लिफ हळूच म्हणाले.

ब्रायनी उठली. तिने किटली चढवली, दोन कप भरले, एक त्यांच्यासमोर ठेवला. दुसरा हातात घेऊन ती उभीच राहिली.

"मी जिंकले," ती म्हणाली. "छाटणी माझी."

क्लिफचा कप ओठांपाशी थांबला. तेव्हा मला कळले. जिंकल्याशिवाय तिला बोलायचा हक्कच नव्हता.

"माझं गोठणधुकं फार जड आहे. त्यात मरत कुणी नाही, पण समोरच्याला खेळायलाच मिळत नाही. यापुढे ज्याची तुकडी गोठेल, त्याने दर पाळीला स्वतः एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडला, तर धुकं फुटलं." तिने पिवळ्या दिव्यांच्या तुकडीकडे पाहिले. "हे नाताळाच्या त्या डावापासून लागू."

क्लिफनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हे डेसने सांगितलं तुला?" क्लिफनी विचारले.

"नाही. बाबा त्यावर कधी बोललेच नाहीत. मीच काढलं. रेल्वेत बसून."

मित्रांनो, माझे तोंड रंगवलेले आहे; ते उघडत नाही. तिच्यासमोर मांडलेल्या त्याच बटणांवर तिच्या बापाला हेच सापडले होते, अगदी हेच, हे मला तिला सांगता आले नाही. म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

"हरलेल्याने नियमांबद्दल बोलायचं नसतं," क्लिफ म्हणाले. "म्हणून एवढंच म्हणतो, चहा पाणचट झालाय."

ब्रायनी हसली, आणि हसता हसता तिला बाहीने डोळे पुसावे लागले.

क्लिफ कपात बघत होते. "दोन गल्ल्या होत्या गं. खिडकीत बसलेला दिसायचा मला तो. मी पण नाही गेलो. मला तर कुणी गोठवलंही नव्हतं." मग त्यांनी कप बाजूला सारला. "मांड परत."

तिने पुन्हा सगळे मांडले आणि पुन्हा त्याच तुकडीवर धुके टाकले. या वेळी क्लिफनी फासा उचलला, मुठीत घेऊन त्यावर फुंकर मारली आणि टाकला. दोन. "हरकत नाही," ते म्हणाले, "हाताला काम तरी आहे." पुढच्या पाळीला तीन पडला, आणि त्यांनी फाशाला एक सणसणीत शिवी दिली. मग पाच पडला.

त्यांनी टेप काढून अंतर मोजले. मग बोटाने एकेका बुटक्याला पुढे सरकवले: केक खाणाऱ्याला, बेसूर गाणाऱ्याला, शेवटी नाकाड्याला. हिरव्या चादरीवरून ते पिवळे ठिपके माझ्या दिशेने निघाले. माझ्या पाठीशी एकही बटण नव्हते. मी हरणार होतो, आणि मला पळायचे नव्हते.

मित्रांनो, आता मी लीड्सला, ग्रंथालयाच्या खिडकीत असतो. माझा रंग उडाला आहे, काठी जराशी अधिक वाकली आहे. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही कधी जिंकत असाल, खेळात किंवा घरात किंवा कुठेही, तर एकदा समोरच्या माणसाच्या हातांकडे बघा. ते मांडीवर पडलेले असतील, तर त्यांच्यात एक फासा ठेवा. आणि तो त्याच दिवशी ठेवा. पुढच्या रविवारी देऊ म्हणून आम्ही एक फासा ठेवून दिला होता. डेस्मंडची खिडकीजवळची ती खुर्ची आता रिकामी आहे, आणि फासा आमच्याकडेच राहिला आहे.